भाग ४७ : ध्यानाला बसायचंय, पण…

(ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पूर्ण भाग लिहून. बोलले तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे काय' थोडे कमी केलेत.)

आज पंखा बंद करून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मध्येच घाम पुसायला थांबले तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिलाय. गेल्या महिन्यात एका मुलाची व्हॉइस नोट आली. पुण्यात राहतो, एमपीएससीची तयारी करतो, दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत. तो म्हणाला, "ताई, तुम्ही एका भागात म्हणाला होतात की तुम्ही रोज सकाळी वीस मिनिटं ध्यान करता. मी तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. माझ्यात काही कमी आहे का?"

मी ती नोट ऐकली आणि फोन उलटा करून ठेवला. कारण तो भाग रेकॉर्ड केला तेव्हा मी रोज ध्यान करत नव्हते. सलग चार दिवस केलं होतं. पाचव्या दिवशी सोडलं आणि सहाव्या दिवशी माइकसमोर बसून 'रोज' म्हणाले. का म्हणाले ते सांगते, पण थोडं नंतर, कारण ते सांगायला मला जरा वेळ लागणार आहे. आधी तुझं उत्तर दादा : नाही, तुझ्यात काही कमी नाही. मी पण चारदा सोडलंय.

तर सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "माझं मनच लागत नाही." डोळे मिटले की सुरू. मॅनेजर काल असं का बोलला, परवाच्या लग्नाला काय घालायचं, फ्रीजमधली उसळ आंबली असेल का. दोन मिनिटांत माणूस ठरवून मोकळा होतो की हे शांत स्वभावाच्या लोकांचं काम आहे, आपलं नाही.

आता एक प्रयोग ऐका. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमथी विल्सन आणि त्यांचे सहकारी. त्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त विचार करत बसायचं, १५ मिनिटं. खोलीत एक बटण होतं, ते दाबलं की स्वतःलाच विजेचा हलका झटका बसणार. हा झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता, आणि हे तेच लोक होते जे म्हणाले होते की पुन्हा झटका नको, वाटल्यास आम्ही पैसे देऊ. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी बटण दाबलं. २४ बायकांपैकी ६ जणींनी दाबलं. नुसतं गप्प बसण्यापेक्षा झटका बरा!

त्याच्या चार वर्षं आधी, २०१० मध्ये, हार्वर्डच्या दोघांनी २,२५० लोकांना दिवसभरात मध्येच फोनवर विचारलं होतं : आत्ता काय करताय, आणि लक्ष तिथेच आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा लक्ष दुसरीकडेच होतं. म्हणजे आपण निम्मा दिवस असेच हरवलेले असतो. डोळे मिटल्यावर मन भटकायला लागत नाही, ते आधीपासून भटकतच असतं, फक्त तेव्हा आपल्याला ते पहिल्यांदा दिसतं. आणि ही काही मोबाइलमुळे आलेली भानगड नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाचीही हीच कुरकूर आहे, की हे मन आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्यासारखं आहे. आणि कृष्ण त्याला 'तू चुकतोयस' असं म्हणत नाही बरं का. मन आवरायला अवघड आहे हे मान्यच करतो, आणि मग सराव सांगतो.

माझी गफलत कुठे होत होती? मला वाटायचं ध्यान म्हणजे विचार बंद. विचार आला की मी नापास. हे डोक्यातून काढायला मला आजी आठवावी लागली.

आमची आजी, साताऱ्याकडची. संध्याकाळी ओसरीवर बसून माळ ओढायची. आम्ही नातवंडं तिची नक्कल करायचो, कारण तिची माळ आणि तिचा संसार एकदमच चालायचा. ओठ हलतायत, बोटं मणी सरकवतायत, तेवढ्यात दूधवाला. बोटं थांबायची. "आज दीडच लिटर ठेव रे." परत ओठ सुरू. मग आमच्यातला कोणीतरी पडायचा, "चप्पल घाल म्हटलं होतं ना मेल्या!" परत मणी. आम्हाला तो ढोंगीपणा वाटायचा. देवाचं नाव घेतेय आणि लक्ष दुधाच्या पातेल्यात!

पण तिचं बोट नेहमी त्याच मण्यावर थांबलेलं असायचं. ती कधी 'आता मोडलं, पहिल्यापासून सुरू करते' म्हणाली नाही. स्वतःवर चिडली नाही. दूधवाल्यावर चिडली असेल, स्वतःवर नाही. जिथे सुटलं तिथून पुढे. पंधरा-वीस मिनिटांत ती पंधरा-वीस वेळा बाहेर जायची आणि तितक्या वेळा परत यायची. मला आता वाटतं की ध्यान म्हणजे ते परत येणं. मन गेलं हे ज्या क्षणी कळतं ना, तो क्षण म्हणजे चूक पकडली जाण्याचा नाही, तो आपण परत आल्याचा असतो. श्वासावर लक्ष ठेवून बसलात, तीस वेळा हरवलात आणि तीस वेळा परत आलात, तर काम झालं.

हे कळल्यावर अर्धे अडथळे तसेच गळून पडतात. राहिलेले अर्धे मात्र खरे आहेत. त्यांची नुसती समजूत घालून भागत नाही.

जागा. आमचं वन बीएचके, माणसं पाच. माझी 'शांत जागा' म्हणजे हॉलमधला दिवाणाचा कोपरा, जिथे सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि रात्री मालिका. मी डोळे मिटून बसले की भाऊ समोरून जाताना हात जोडून नमस्कार करणार. आई, "काय गं, बरं नाही का?" मावशी आलेली असेल तर, "हिचं लग्नाचं बघा आता, ही संन्यास घ्यायला निघाली." बरेच जण मला लिहितात की घरात जागा नाही. खरं सांगू का, जागेपेक्षा लाज जास्त आडवी येते. कुकरची शिट्टी चालते हो, ती पण एक आवाजच आहे, आली आणि गेली. भावाचा नमस्कार नाही चालत.

यावर माझा उपाय काही थोर नाही. मी लोकलमध्ये करायला लागले. बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळाली तरी चालतं. बॅग मांडीवर, दोन्ही हातांत पट्टा धरून, डोळे अर्धवट मिटलेले. तिथे सगळेच डोळे मिटून असतात, त्यामुळे कोणी विचारत नाही! खाकऱ्याची पाकिटं विकणारी बाई येते, कोणाचं तरी फोनवर भांडण चाललेलं असतं, पुढचं स्टेशन सांगितलं जातं. आवाज आला, कळलं, परत श्वास. फक्त दारात उभं राहून नाही, आणि गाडी चालवताना तर अजिबातच नाही, हे सांगायला लागू नये पण सांगते.

तुम्ही अभ्यासिकेत असाल तर तुमच्याकडे उलट आहे, शांतता भरपूर आणि टेबल आपलं. पुस्तक उघडायच्या आधी खुर्चीवरच बसा की. खुर्ची चालते. मांडी घालून, पाठ ताठ, पद्मासन, हे सगळं फोटोत छान दिसतं. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्याने पद्मासनाच्या नादी लागू नये. खाली बसायचंच असेल तर चादरीची जाड घडी करून बैठकीखाली घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली येतात आणि पाठीवरचा ताण कमी होतो. पायाला मुंग्या आल्या तर हलवा पाय. कोणी मार्क कापत नाही.

झोप येते? बहुतेक वेळा त्याचं कारण आध्यात्मिक नसतं, रात्री दीडला झोपून सहाला उठलेलो असतो. मग आधी झोपा, ध्यान उद्या. पण झोप पुरेशी होऊनही डुलकी लागत असेल तर जेवल्यावर बसू नका, डोळे थोडे उघडे ठेवा, नाहीतर चाला. चालता-चालता करायचं ध्यान हे काही हल्लीच्या लोकांनी शोधलेलं नाही. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या बाजूला एक जागा दाखवतात, बुद्ध तिथे चालत ध्यान करत होते अशी परंपरा आहे, तिला चंक्रमण म्हणतात. गच्चीवर दहा पावलं तिकडे, दहा इकडे, लक्ष तळपायावर. आणि बौद्ध परंपरेत ध्यानाचे जे पाच अडथळे सांगितलेत, ज्यांना नीवरणं म्हणतात, त्यात सुस्ती आणि पेंग आहे, बेचैनी आहे, 'हे खरंच उपयोगी आहे का' ही शंकासुद्धा आहे. पतंजलीने योगसूत्रांत नऊ सांगितलेत. त्यातही आजारपण, आळस, संशय. यादीतलं शेवटचं तर मला थेट आपल्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं : एकदा जमलं, पण टिकलं नाही. ज्यांच्या अॅपवर अकरा दिवसांची साखळी तुटलीय त्यांनी समजून घ्यावं.

अॅपवरून आठवलं. मी तीन अॅप घेतले होते. एकाचे पैसेही भरले होते, वर्षाचे. सकाळी उठून ध्यानाचं अॅप उघडायला फोन हातात घ्यायचे, वर एक नोटिफिकेशन दिसायचं, आणि वीस मिनिटांनी मी कुठल्यातरी बाईला कोकणात फणसाची भाजी करताना बघत असायचे. ध्यानाचं राहून जायचं. मी फोनच्या विरोधात नाही, मंडळी, तुम्ही मला फोनवरच ऐकताय. पण दार उघडायची किल्ली जर मिठाईच्या दुकानात ठेवली असेल, तर रोज दुकानातून काही न खाता बाहेर पडायला फार ताकद लागते. आता माझा फोन त्या वेळी फ्रीजवर असतो. वेळ कशी मोजायची? चहाने.

हसू नका, हे खरंच चालतं. सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि उकळी फुटेपर्यंत ओट्याशी उभं राहून श्वास बघायचा. तीन-चार मिनिटं मिळतात. पाण्याचा आवाज बदलत जातो, आधी बारीक सूं, मग बुडबुडे. उकळी आली की संपलं. दूध नंतर घाला. मी एकदा आधी घातलं होतं, ते उतू गेलं आणि आईने जे ऐकवलं त्यात ध्यान हा शब्द पुष्कळदा आला.

थोडंसंच, आणि रोज आपण जे करतोच त्याला चिकटवलेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता, की नवी सवय आपोआप व्हायला लागायला किती दिवस लागतात. आपण नेहमी ऐकतो ना, एकवीस दिवस? त्यांचा मधला आकडा ६६ दिवस आला. आणि माणसामाणसात फरक केवढा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तुमचा मित्र तीन आठवड्यांत रुळला आणि तुम्ही पाच महिन्यांनीही स्वतःला ढकलताय, तर दोघंही नॉर्मल आहात. आणि माझ्या आवडीचा भाग : एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एक दिवस चुकल्याने सहसा काही बिघडत नाही. 'चुकलंच आहे तर आता सोमवारपासून' यानेच जास्त बिघडतं.

याच जातीतला अजून एक बहाणा आहे : "एकदा दहा दिवसांची सुट्टी मिळू दे, मग इगतपुरीलाच जाते." माझा स्वतःचा आवडता बहाणा होता हा. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चाललंय, सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून शिकून आणलेली विपश्यना तिथे शिकवतात. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा, फी नाही. माझी मैत्रीण जाऊन आली, तिला फार उपयोग झाला. नवख्या माणसालाही घेतात. पण तिने एक सांगितलं ते ऐका. तिथेसुद्धा पहिले तीन दिवस काय करायला लावतात, तर फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायला. बाकी काही नाही. म्हणजे जे मी चहाच्या ओट्याशी करू शकत होते त्यासाठी मी दोन वर्षं रजेची वाट बघत बसले. जायचं तर जरूर जा. तोपर्यंत चहा ठेवा.

बरं. आता ते राहिलेलं.

मी चार दिवसांनी का सोडलं? कंटाळा आला म्हणून नाही. पाय दुखले म्हणूनही नाही. तेव्हा माझी नोकरी गेली होती. कंपनीत कपात झाली, त्यात माझं नाव होतं. घरी सांगितलं नव्हतं. दोन महिने मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, ठाण्याला उतरायचे, एका वाचनालयात बसून अर्ज पाठवायचे आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी यायचे. आई विचारायची, आज काम जास्त होतं का? मी हो म्हणायचे.

याच दिवसांत मी ध्यान सुरू केलं, कारण झोप लागत नव्हती. पहिले तीन दिवस भाजी, पगार, मालिका, नेहमीचंच. चौथ्या दिवशी जरा स्थिर झाले आणि डबा दिसला. आईने सकाळी साडेपाचला उठून भरलेला डबा, जो मी वाचनालयाच्या जिन्यात बसून खात होते. छातीत असं काही दाटलं की मी डोळे उघडले आणि फोन घेतला. पाचव्या दिवशी बसलेच नाही. आणि सहाव्या दिवशी तुम्हाला सांगितलं की मी रोज वीस मिनिटं ध्यान करते, त्यामुळे खूप शांत वाटतं. घरी एक खोटं चालू होतंच, त्यात तुमच्याशी अजून एक.

मला वाटतं आपल्यातले बरेच जण इथेच सोडतात आणि नाव वेळेला देतात. गप्प बसलं की जे टाळतोय ते समोर येतं. विजेचं बटण दाबणाऱ्या त्या बारा जणांचं काय होतं मला माहीत नाही, माझं बटण रील्स होतं.

पण एक नीट सांगायला हवं. असं काही वर आलं की दात-ओठ खाऊन बसून राहायचं, असं अजिबात नाही. डोळे उघडा. पाय जमिनीला लागलेत ते बघा, खोलीतल्या पाच वस्तू बघा, उठा, पाणी प्या. ज्यांनी मोठा आघात सोसलाय किंवा ज्यांना पॅनिकचा त्रास आहे त्यांना डोळे मिटून श्वासाकडे बघण्याने काही वेळा जास्त घाबरायला होतं, हे ध्यानावर काम करणाऱ्या डॉक्टरांनीही नोंदवलंय. ते तुमचं अपयश नाही. त्यांनी एकट्याने रेटू नये, जाणत्या माणसाशी, डॉक्टरांशी बोलून मगच करावं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ध्यान हे औषधाच्या जागी घ्यायची गोष्ट नाही. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी माझं ऐकून त्या बंद केल्या तर मी येऊन भांडेन.

मी काय केलं? अजून तीन आठवडे काहीच नाही. मग एका रविवारी बाबांना गॅलरीत गाठलं आणि सांगितलं. ते झाडांना पाणी घालत होते, घालतच राहिले. म्हणाले, "पास ठाण्यापर्यंतचाच काढलायस, तेव्हाच कळलं." मी आधी दादरचा पास काढायचे ना! टेबलावर पडलेला त्यांनी पाहिला होता. आईला त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मला सांगावं लागलं, आणि ते जास्त अवघड गेलं.

त्यानंतर मी परत बसायला लागले. आता किती करते? खरा आकडा : रोज नाही. आठवड्यातले पाचेक दिवस, चहाएवढं. कधी गाडीत अर्धा तास. वीस मिनिटं सलग मी या वर्षात मोजून तीनदा बसले असेन. त्या जुन्या भागाच्या वर्णनात आजच दुरुस्ती टाकलीय.

आणि दादा, तू तीनदा सोडलंस म्हणालास ना, म्हणजे तीनदा सुरूही केलंयस. आता एवढंच बघ, कितव्या दिवशी सुटतं आणि त्या दिवशी काय समोर आलं होतं. सांगायचं असेल तर मला सांग, नको असेल तर नको.

चला, जायच्या आधी एक गंमत करू. मी आता दहा श्वास गप्प बसणार आहे. तुम्ही पण बसा. चालत असाल तर चालत राहा, गाडी चालवत असाल तर हे सोडून द्या. प्रत्येक श्वास सोडताना मनात आकडा. हरवलात तर जो आठवेल त्या आकड्यापासून पुढे, पहिल्यापासून नाही. आजीच्या नियमाने.

(इथे साधारण पन्नास सेकंद शांतता आहे. वाचत असाल तर इथे थांबा.)

हं. माझं सांगते. तीनपर्यंत ठीक. मग खाली भंगारवाला ओरडला आणि मी आमच्या जुन्या मिक्सरचं किती येईल याचा हिशोब करायला लागले. परत आले तेव्हा आकडा पाच होता का सहा, आठवेना, मी पाच धरला. आठला घाम डोळ्यात गेला.

तुमचं कुठे सुटलं? व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांच्या आत, नाहीतर मी दुप्पट वेगाने ऐकते. पुढच्या भागात वाचनालयात भेटलेल्या एका काकांबद्दल बोलायचंय. आता पंखा लावते.